बावीस तारखेचं पाणी

प्रतिक्षा मोकलने पहिलं डिझाइन केलं तेव्हा ती नववीत होती. तामसखारच्या कबड्डी संघाला तालुक्याच्या सामन्यांसाठी बनियनवर नंबर हवे होते आणि पेणला जाऊन छापून आणण्याइतका वेळ उरला नव्हता. तिने दवाखान्यातून जुन्या एक्स-रे फिल्म मागून आणल्या, ब्लेडने त्यात आकडे कापले आणि वरून ऑइलपेंटचा बोळा फिरवला. एक आणि नऊ लांबून सारखेच दिसतात हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून तिने नऊचं पोट मोठं केलं आणि एकाचं डोकं बारीक ठेवलं. सामना संपल्यावर पंच तिच्या बापाला म्हणाले, "मोकल, तुमच्या पोरांचे तेवढे नंबर मला मैदानाच्या त्या टोकावरून वाचता आले." संघ पहिल्याच फेरीत हरला होता. जनू मोकल मात्र चषक आपणच जिंकल्यासारखा छाती काढून घरी आला.

तामसखार खाडीला लागून आहे. मातीचा एक लांब बांध गावाच्या शेतांना वळसा घालून जातो. बांधाच्या आत भात, बाहेर चिखल, तिवरांची झाडी आणि खाडी. बांधात एके ठिकाणी उघाडी आहे, म्हणजे दगडी तोंड आणि त्याला लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं, भरतीला दार मिटतं आणि खारं पाणी अडतं. ते एकदा आत शिरलं की भात करपतं, आणि जमीन दोन-तीन वर्षं रुसून बसते. जनू उन्हाळ्यात मिठागरात राबायचा, पावसाळ्यात शेतात. बारा महिने त्याचा एक डोळा पाण्यावर.

बारावीनंतर प्रतिक्षाने पनवेलला कमर्शियल आर्टचा कोर्स केला आणि रोह्यात लेबलं छापणाऱ्या एका प्रेसमध्ये ती नोकरीला लागली. जवळच्या धाटाव वसाहतीतल्या कंपन्यांचे ड्रम, कॅन, गोण्या आणि त्यांच्यावर चिकटणारी लेबलं. मन रमवायला त्यात फारसं काही नव्हतं. पण सहा वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली. लेबल वाचणारा माणूस कधी निवांत नसतो. त्याची शिफ्ट संपत आलेली असते, चष्म्यावर वाफ धरलेली असते, हातात मोजे असतात. अशा माणसाला दोन सेकंदांत कळलं नाही, तर दोष त्याचा नाही, लेबल काढणाऱ्याचा.

मग तिने पेणला, रामवाडीत एक गाळा घेतला. शेजारीच मिथुनचा छापखाना होता. हिने काढायचं, त्याने छापायचं. पोह्यांची पाकिटं, गागोद्याच्या महिला गटाचे पापड, लग्नपत्रिका, दवाखान्यांच्या पाट्या. काहीही केलं की ती आधी ते घरी आईसमोर धरायची. गोदूबाई शाळेची पायरी चढलेली नव्हती.

"काय दिसतं, आई?"

"चाक दिसतंय."

"पापड आहे तो!"

"मग पापडासारका काढ ना गो. पापडाला कडेला चिरा नसतात काय?"

प्रतिक्षा चिडायची, पण रात्री जेवणाआधी चिरा काढून मोकळी व्हायची. रविवारी तिचा वेगळाच उद्योग असे. खाडीत फिरून होड्यांवर रंगवलेल्या नावांचे ती फोटो काढी. होडी रंगवणारा माणूस लाकूड वळेल तसं अक्षर वळवतो, हे तिला फार आवडायचं. गाळ्याची एक अख्खी भिंत त्या फोटोंनी भरली होती.

भरतीचं कॅलेंडर हे तिचं सगळ्यांत लाडकं काम. भरतीच्या वेळा आणि पाण्याची उंची यांचे सरकारी तक्ते मिळतात, पण बारीक इंग्रजी आकड्यांत. गावात ते वाचणार कोण? प्रतिक्षाने प्रत्येक दिवसाला एक उभी पट्टी दिली आणि पट्टीत निळं पाणी भरलं. मोठी भरती, उंच पाणी. लहान भरती, ठेंगणं पाणी. खाली बारीक अक्षरात आकडा, लागलाच तर. महिन्याच्या तीन ओळी, दहा-दहा दिवसांच्या. पेणच्या एका भातगिरणीचे मालक सुशील पाटील छपाईचा खर्च उचलायचे आणि खाली गिरणीचं नाव टाकायचे. तीन वर्षांत ते कॅलेंडर खाडीकाठच्या आठशे घरांत लागलं. लोक निळं बघून चिंबोऱ्या पकडायला जायचे, निळं बघून बांधाची कामं काढायचे. खालचा आकडा कुणी बघत नसे. प्रतिक्षाला याचा अभिमान होता.

त्या जुलैत रोह्याच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीने तिला बोलावलं. तिथल्या सगळ्या ड्रमांची लेबलं नव्याने करायची होती. तीन वर्षांचं काम. मिळालं असतं तर एक हाताखालचा माणूस ठेवता आला असता. बावीस तारखेला सकाळी ती स्कूटर घेऊन निघाली आणि दहाच्या आधी कंपनीच्या मीटिंगरूममध्ये ओला रेनकोट घडी करत बसली. मॅनेजर यायचे होते. तोवर सुजय नावाचा सेफ्टी ऑफिसर समोर बसून तिची कामं चाळू लागला. पापडाचं पाकीट, औषधाचा बॉक्स, आणि मग कॅलेंडर.

"हे भारी आहे," तो म्हणाला. जुलैच्या पानावर थांबला. चष्मा वर केला. "मॅडम, एक विचारू? वीस तारखेला अमावस्या, पाणी एवढं वर. एकवीसला एकदम खाली, आज त्याहून खाली. पण आकडा तर वाढलाय. आज चार पूर्णांक आठ मीटर लिहिलंय, महिन्यातला सगळ्यांत मोठा. मग चित्र खरं धरायचं की आकडा?"

प्रतिक्षाने पान आपल्याकडे ओढलं.

तिला क्षणात सगळं आठवलं. तिसरी ओळ काढायला घेताना तिने दुसरीच ओळ उचलून खाली ठेवली होती, एकेक पट्टी नंतर दुरुस्त करायची म्हणून. तेवढ्यात एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या मामाचं नाव चुकल्याचा फोन आला होता. ते निस्तरून ती परत बसली ती थेट ऑगस्टच्या पानावर. आकडे वेगळे, तक्त्यावरून आलेले, म्हणून ते बरोबर. निळं पाणी मात्र अकरा ते वीस तारखेचं.

"आकडा बरोबर आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे मग," सुजय म्हणाला.

"ठीक नाही. आकडा कुणी बघत नाही." तिने फोन उचलला. "मला एक मिनिट द्या."

जनूचा फोन नेहमी घरीच असायचा. चार वेळा लावल्यावर गोदूबाईने उचलला.

"आई, बाबा कुठे?"

"उघाडीवर. आज दार बदलतात ना. जुनं दार सकाळीच काढलं."

प्रतिक्षा खुर्चीतून उठली. "आज? आज कुणी सांगितलं काढायला?"

"तुज्या कॅलेंडरात पाणी बारीक हाय ना आज. कान्हूकाका नको बोलत होता. आवसंचा दुसरा दिवस हाय, पाणी अजून चढंल बोलला. तुजा बाप बोलला, माज्या पोरीनं काढलंय, चुकायचं नाय."

"आई, ऐक. चित्र चुकलंय. आज वर्षातलं मोठं पाणी आहे. दोनच्या सुमाराला भरेल, पण उघाडीच्या उंबऱ्याला बाराच्या आतच लागेल. तू आत्ता पळत जा आणि सांग."

पलीकडून फक्त "जातंय" एवढं ऐकू आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज.

घरापासून उघाडी दीड किलोमीटर, सगळी वाट शेतांच्या चिखलातून. गोदूबाईचे गुडघे दुखरे. प्रतिक्षाने लगेच मिथुनला फोन लावला. "पाटलांच्या गिरणीतून रिकाम्या गोण्या उचल. मिळतील तेवढ्या. टेम्पो कर आणि तामसखारच्या उघाडीवर जा. कशाला ते मग सांगते."

तेवढ्यात मॅनेजर आत आले. मागोमाग चहा आला. प्रतिक्षाने रेनकोट हातात घेतला होता.

"सर, मला जावं लागेल. माझ्या कामात चूक झाली आहे आणि गावात शेतात पाणी शिरायचं भय आहे."

मॅनेजरांनी सुजयकडे पाहिलं. "म्हणजे आपण लेबलाचं काम देणार, तर हे असं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

रोह्याहून नागोठणे आणि मग हायवेने कासूच्या पुढे. एरवी ती हा रस्ता तासाभरात कापायची. आज पावसाची सर येत-जात होती आणि हायवेवरचे खड्डे पाण्याखाली गेलेले. एका खड्ड्यात स्कूटर आपटली, पायाचा घोटा मुरगळला, तरी ती थांबली नाही. नागोठण्याला पेट्रोलपंपाच्या छपराखाली तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मिथुनचा लागला नाही. पावणेबारा. ती मनातल्या मनात हिशेब करत होती, पाणी आता कुठे असेल. पहिल्या तिवरांपर्यंत. मग बाहेरच्या दगडाच्या रांगेपर्यंत. मग उंबरा. हाच हिशेब लोकांना करावा लागू नये म्हणून तिने ते कॅलेंडर काढलं होतं.

ती उघाडीवर पोचली तेव्हा सव्वाबारा होत आले होते.

बांधावर पंधरा-वीस माणसं होती. उघाडीच्या तोंडाला दार नव्हतं. जुन्या दाराच्या फळ्या कुजलेल्या होत्या, त्या काढतानाच मोडल्या. नव्या दाराच्या बिजागऱ्या पेणला वेल्डिंगला. खाडीचं मातकट पाणी तोंडातून आत यायला लागलं होतं, अजून घोट्याएवढंच, पण जोरात. गोदूबाईचा निरोप पोचला होता. सगळे हातांनी चिखल टाकत होते आणि टाकलेला चिखल पाणी घेऊन जात होतं. जनू तोंडात उभा राहून फळीचा एक तुकडा आडवा दाबून धरत होता.

उघाडीच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कॅलेंडर लटकत होतं. ते जनूनेच आणलं असणार.

प्रतिक्षा बांधावरून खाली उतरली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"बाबा, चित्र चुकलंय. मी चुकले."

जनूने फळी आणखी जोरात दाबली. म्हातारा कान्हू म्हणाला, "मग आकडा किती लिवलाय?"

"चार पूर्णांक आठ."

म्हाताऱ्याने डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला आवळला. "म्हंजे अजून पुरुषभर यायचं हाय. माती टाकून भागनार नाय. गोनी लागंल."

गोण्या नव्हत्या. गावात सिमेंटच्या चार-पाच निघाल्या, त्या भरून टाकल्या. पाणी गुडघ्याला आलं. उघाडीच्या तोंडाशी पहिली दोन शेतं सरूची. तिचा नवरा वारलेला, मुलगी सासरी. लावणी तिने एकटीने, शेजारणींशी पैरा करून, म्हणजे आज तुझ्या शेतात उद्या माझ्या असं राबून, उरकली होती. ती आपल्या शेताच्या कडेला बसून शेताचा बांध उंच करत होती, हाताने, एकेक ढेकूळ.

साडेबाराला टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. टेम्पो बांधापर्यंत येऊ शकत नव्हता. मिथुन डोक्यावर गोण्यांचा गठ्ठा घेऊन पळत आला, त्याच्या मागे ड्रायव्हर. मग रांग लागली. भर, बांध, पुढे दे. प्रतिक्षा गोण्यांची तोंडं सुतळीने बांधत होती. घोटा सुजून चप्पल घट्ट झाली, तिने चप्पल काढून फेकली. जनू कमरेएवढ्या पाण्यात पाठीने गोण्यांची भिंत दाबून उभा होता. दोन तरण्या पोरांनी त्याला बाहेर यायला सांगितलं. त्याने मान हलवली.

एकच्या सुमाराला भिंतीच्या डावीकडची खालची गोणी सरकली. फट पडली आणि पाणी तिरकं आत घुसलं, सरळ सरूच्या शेतात. "गोनी! गोनी टाका!" कान्हू ओरडला. तीन गोण्या एकदम टाकल्या तेव्हा फट बुजली. पण तोवर दहा-बारा मिनिटं गेली होती, आणि सरूची दोन्ही शेतं मातकट पाण्याखाली चमकत होती. तिने घातलेला बांध मधोमध वाहून गेला होता. सरू उठून उभी राहिली आणि त्या पाण्याकडे बघत राहिली.

दोनला पाणी वरच्या गोणीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. वीस मिनिटं सगळे त्या चार बोटांकडे बघत होते. मग कान्हूने पाण्यात एक काडी सोडली. काडी क्षणभर जागच्या जागी फिरली आणि सावकाश खाडीकडे निघाली.

"लागली ओहोटी," तो म्हणाला.

जनूला दोघांनी धरून वर काढलं. त्याची पाठ गोण्यांच्या तागाने सोलली होती. प्रतिक्षा त्याच्याजवळ बसली. तो म्हणाला, "सकाळी पाणी उतरताना पायाला जोरात वढत होतं. मोठ्या भरतीच्या वक्तालाच तसं वढतं. मला कळलं होतं गो. पन बोललो, पोरीनं काढलंय."

तिने त्याच्या पाठीवरचा चिखल पुसला.

चारशे एकरांतलं सरूचं पाऊण एकर गेलं. गावाने हिशेब केला तर थोडक्यात वाचलो असाच निघाला, आणि लोक तसं म्हणालेही. प्रतिक्षा संध्याकाळी सरूच्या दारात गेली. सरूने तिला आत घेतलं नाही. "आज नको बाय," एवढंच बोलली आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी सुशील पाटलांचा फोन. "आकडे बरोबर होते ना? मग चित्र छपाईत सरकलं असं सांग. मिथुन काही बोलायचा नाही."

"छपाईत काही सरकलेलं नाही, काका."

"अगं, गिरणीचं नाव आहे खाली."

"म्हणूनच दुरुस्ती लावते. वर माझं नाव टाकते."

तिने जुलैची शेवटची ओळ नव्याने काढली, मिथुनने चिकटपट्टीच्या कागदावर छापली. वर ठळक अक्षरात लिहिलं: ही ओळ चुकली होती, चूक माझी, प्रतिक्षा मोकल. मग ती आणि मिथुन नऊ दिवस खाडीकाठच्या गावांतून फिरले. एकेका घरात जाऊन, कॅलेंडर उतरवून, पट्टी चिकटवून, परत खिळ्याला. महिना संपत आला होता, पट्टीचा उपयोग दिवसागणिक कमी होत होता, तरी ती थांबली नाही. बाकीचे अकरा महिने तिने तक्त्याशी एकेक आकडा ताडून पाहिले. ते बरोबर निघाले. एका घरी म्हातारी म्हणाली, "आमच्या तं ध्यानातच आलं नाय." ते ऐकून प्रतिक्षाला जास्तच लागलं.

रोह्याचं काम दुसऱ्याला गेलं. सुजयने स्वतः फोन करून कळवलं. तो म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, की चूक कळल्यावर उठून जाणारं माणूस लेबलाला बरं. पण मॅनेजरांना नाही पटलं." प्रतिक्षाने त्याचे आभार मानले. पाकिटं, पत्रिका, पाट्या चालू राहिल्या. आता ती काम संपल्यावर लगेच छापायला देत नसे. एक दिवस तसंच ठेवायची आणि मग आकड्यावरून चित्राकडे, चित्रावरून आकड्याकडे अशी दोनदा जायची.

सरूच्या शेतातून ओहोटीला पाणी काढलं, पावसाने धुतलं, पुन्हा काढलं. शेजाऱ्यांकडे उरलेली रोपं जनूने गोळा करून आणली आणि मोकल मायलेकींनी ती लावली. सरूने हरकत घेतली नाही, पण तोंडही उघडलं नाही. त्या वर्षी तिला अर्धंच भात झालं.

नोव्हेंबरात प्रतिक्षाने पुढच्या वर्षाचं पहिलं पान काढलं आणि आईला न दाखवता थेट सरूकडे नेलं. सरू ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. कागद घेतला. फार वेळ बघत राहिली.

"ह्यो दिवस आनि त्यो दिवस मला सारकाच दिसतो," ती म्हणाली.

"त्यात बोटभर फरक आहे, मावशी."

"कागदावर दिसत नाय. बोटभर फटीतून माजं शेत गेलं."

प्रतिक्षाने कागद गुंडाळला. तीन आठवडे ती त्याच एका पानावर बसली. पट्ट्या उंच केल्या, बुटक्या केल्या, रंग बदलला. मग एका रविवारी ती कान्हूला घेऊन उघाडीवर गेली. नव्या दाराच्या उंबऱ्याची उंची दोरीने मोजली, बांधाच्या माथ्याची मोजली, आणि या दोन रेघा सगळ्या महिन्याच्या पट्ट्यांवरून आडव्या ओढल्या. आता पाणी किती हे ओळखायला दोन पट्ट्यांची तुलना करायची गरज नव्हती. उंबऱ्याच्या रेघेखाली आहे, वर गेलंय, की माथ्याला भिडलंय, एवढंच बघायचं.

ते पान घेऊन ती पुन्हा गेली. सरूने या वेळी तिला बसायला पाट दिला. एकेका पट्टीवर बोट ठेवत ती सरकत गेली. काही ठिकाणी बोट थांबायचं, ओठ हलायचे.

"ह्ये सा दिवस दाराला हात लावायचा नाय," ती शेवटी म्हणाली. "आनि ह्या दोन दिवशी कुनीतरी बांधावर बसायला पायजे."

"बरोबर."

"कवा छापतेस?"

"आधी कान्हूकाकांना दाखवते. मग आकडे मिथुनकडून परत वाचून घेते."

सरूने मान डोलावली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "आनखी दोन म्हैनं काढून आन," ती म्हणाली, "एका पानावरून बरोबर हाय असं मला बोलता येत नाय."